डिस्चार्जच्या कागदावर लसीची एक ओळ का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत हृदयरोग्यांनी काय काळजी घ्यावी यावर अख्खं पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं, कापूनही ठेवलं, कारण आमच्या घरात हा विषय रोजचाच आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, चालणं, मीठ, सिगारेट, झोप, ताण, गोळ्या वेळेवर घेणं, सगळं होतं त्यात आणि सगळं बरोबरच होतं. पण लसीबद्दल एक शब्द नव्हता. फ्लूची लस नाही, न्यूमोनियाची नाही, काहीच नाही. वाचून राग नाही आला, वाईट वाटलं, कारण नेमकं हेच आमच्या बाबतीत झालं होतं. म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण मुद्दा तेवढा राहू द्या.

माझ्या मिस्टरांना अठ्ठावनाव्या वर्षी पहिला अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला, चौथ्या दिवशी घरी सोडलं. घरी येताना मिळालेली फाईल मला अजून पाठ आहे. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची रात्रीची, बीपीची सकाळची, जिभेखाली ठेवायची कायम खिशात, जिने कधीपासून चढायचे, गाडी कधी चालवायची, परत कधी दाखवायचं. मी वहीत रकाने आखले, रोज खूण करायची, एक गोळी चुकू दिली नाही. ह्यांनीही सगळं ऐकलं, सिगारेट त्या दिवशी सुटली ती सुटलीच. तेरा महिन्यांनी तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, उत्तम चाललंय, असंच चालू ठेवा.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी नातू शाळेतून ताप घेऊन आला, दोन दिवसांत तो बरा होऊन उड्या मारायला लागला आणि ह्यांना ताप चढला. खोकला, अंग मोडून आलेलं, थंडी. आम्ही म्हटलं व्हायरल आहे, जाईल तीन दिवसांत. अंगदुखीची गोळी घरात होती ती दिली, नाक चोंदलं म्हणून सर्दीची पण दिली (ह्याबद्दल पुढे सांगते, हेही कुणी सांगत नाही). पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्हाला वाटलं सुटलो. त्याच पहाटे छातीत दडपण, दरदरून घाम, बोलता येईना. दुसरा अटॅक. ह्या वेळी हृदयाला जास्त मार बसला, पंपिंग (एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) ३५ टक्क्यांवर आलं. घशातला नमुना घेतला होता त्यात फ्लू पॉझिटिव्ह निघाला.

त्या रात्री आयसीयूच्या बाहेर एक तरुण डॉक्टर मुलगी माहिती लिहून घेत होती. आधीचे आजार, गोळ्या, ॲलर्जी असं विचारता विचारता तिनं विचारलं, "काका दरवर्षी फ्लूची लस घेतात का?" मी म्हटलं, ती लहान मुलांची असते ना? ती काही बोलली नाही, लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. पण मला तो प्रश्न रात्रभर सोडेना. तेरा महिन्यांत आम्ही तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना मिळून नऊ-दहा वेळा भेटलो असू आणि हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा विचारला गेला तो दुसरा अटॅक येऊन गेल्यावर.

लस घेतली असती तर हे शंभर टक्के टळलं असतं असं मी म्हणत नाही, तसं कुणालाच सांगता येणार नाही. लस घेऊनही फ्लू होतो, ज्या वर्षी लसीतले विषाणू आणि बाहेर फिरणारे विषाणू चांगले जुळतात त्या वर्षीसुद्धा ती डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. पण आम्हाला ती संधीच मिळाली नाही, कारण आम्हाला ती आहे हेच माहीत नव्हतं. मला जे बोलायचंय ते एवढ्यावरच.

ह्यांना घरी आणल्यावर मी वाचायला लागले. माझी भाची नर्सिंग शिकवते, जे मला कळलं नाही ते तिनं बसून समजावलं. आणि जसजसं वाचत गेले तसं लक्षात आलं की यात नवीन काहीच नाही. फ्लूची साथ आली की फ्लूनं मरणाऱ्यांबरोबर हृदयविकारानं मरणारेही वाढतात हे १९३०च्या दशकातच आकडेमोड करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं.

मग २०१८ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या संशोधकांनी एक साधी पण चोख गोष्ट केली. ज्यांना फ्लू झाल्याचं लॅबमध्ये सिद्ध झालं होतं आणि ज्यांना त्याच्या मागेपुढे वर्षभरात कधीतरी अटॅक येऊन ॲडमिट व्हावं लागलं असे ३६४ अटॅक त्यांनी शोधले. एकाच माणसाचा फ्लूचा आठवडा त्याच माणसाच्या बाकीच्या आठवड्यांशी ताडून बघितला, त्यामुळे हा सिगारेट ओढतो, तो ओढत नाही, ही भानगडच उरली नाही. एरवी आठवड्याला सरासरी ३.३ अटॅक पडत होते, फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत ते २० झाले. सहापट! आमचा पाचवा दिवस होता. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी लॅपटॉप मिटून उठून गेले होते, खोटं कशाला सांगू.

असं का होतं तेही समजून घ्या, कारण हे समजलं की लसीचा आणि हृदयाचा काय संबंध हा प्रश्नच राहत नाही. आपल्या रक्तवाहिनीत चरबीचे जे थर साचलेले असतात ते वर्षानुवर्षं गप्प बसून असतात, वर एक पातळ आवरण असतं. फ्लू झाला की शरीर विषाणूशी लढायला उठतं, अंगभर दाह होतो, तो दाह त्या थरांतही पोचतो, आवरण नाजूक होऊन फाटू शकतं. त्याच वेळी रक्त चिकट झालेलं असतं, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) पटकन एकमेकींना धरतात, म्हणजे फाटलेल्या जागी गुठळी व्हायला सगळी तयारी आयती. त्यात तापानं ठोके वाढलेले, हृदयाला जास्त ऑक्सिजन हवा आणि फुप्फुसं कफानं भरल्यामुळे मिळतो कमी. पाणी पोटात जात नाही त्यामुळे बीपी खाली. ज्याचं हृदय धडधाकट आहे तो हे सगळं झेलून जातो, त्याला फक्त चार दिवस अंग दुखलं एवढंच आठवतं. ज्याच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत किंवा ज्याचं हृदय आधीच थकलंय त्याच्याकडे तेवढी शिल्लक नसते. काही वेळा तर विषाणू थेट हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो. आणि आमच्यासारखं ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका, रक्तातला हा सगळा गोंधळ ताप गेल्यावरही काही दिवस राहतो.

गोळ्यांचं सांगते म्हटलं होतं. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, हृदयरोग्यांना चांगल्या नाहीत, शरीरात पाणी धरून ठेवतात, आयबुप्रोफेन तर रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिनच्या कामातही आडवी येऊ शकते. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं, त्यानं बीपी आणि ठोके वाढतात. तापाला पॅरासिटामॉल, आणि बाकी काहीही देण्याआधी डॉक्टरांना फोन. मी विचारलं नव्हतं.

आता लसीनं खरंच फरक पडतो का. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण लस घेणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतात, मग फायदा लसीचा की जपण्याचा, हा प्रश्न रास्तच आहे. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचून बघावं लागतं, आणि कुणाला काय मिळालं ते पेशंटला आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत नको. तेही झालंय. स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१६ ते २०२० या काळात आठ देशांत, त्यात बांगलादेशही होता, अडीच हजारांवर पेशंटवर हा प्रयोग झाला, बहुतेक सगळे नुकताच अटॅक येऊन ॲडमिट झालेले. लस कधी दिली तर हॉस्पिटलमध्येच, उपचार झाल्यावर तीन दिवसांच्या आत! वर्षभरानंतर मोजलं तेव्हा मिठाचं पाणी मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के लोक दगावले होते आणि लस मिळालेल्यांपैकी २.९ टक्के. म्हणजे शंभरामागे दोन माणसं जास्त जगली, एका टोचणीवर. भाची म्हणाली, मावशी, आपण ज्या गोळ्या आयुष्यभर खातो त्यातल्या कित्येकींचा फायदा याच तोलाचा असतो. कोविडमुळे तो प्रयोग ठरल्यापेक्षा आधी थांबवावा लागला, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात, पण दिशा स्पष्ट आहे, त्याआधीच्या लहान प्रयोगांची दिशाही तीच होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर होऊन त्याला पुरेसं रक्त ढकलता न येणं) असलेल्या पाच हजारांवर पेशंटवर आशिया, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतल्या दहा देशांत असाच प्रयोग झाला, भारतही त्यात होता, निकाल २०२२ मध्ये आले. तिथे मृत्यू, अटॅक, स्ट्रोक असं सगळं मिळून हिशेब केला तर फरक ठामपणे सांगण्याएवढा नव्हता. पण न्यूमोनिया ४२ टक्क्यांनी कमी झाला, हॉस्पिटलात ॲडमिट होणं १६ टक्क्यांनी कमी झालं, आणि फ्लूची साथ जोरात असतानाचे महिने वेगळे काढून बघितले तर हृदयाच्या बाबतीतही फायदा दिसला. ज्याला हार्ट फेल्युअर आहे त्याच्या घरच्यांना विचारा ॲडमिट होणं वाचणं म्हणजे काय असतं. दर वेळी ॲडमिट होऊन माणूस घरी येतो तो आधीपेक्षा थोडा कमी होऊन येतो. मी हे डोळ्यांनी बघतेय.

न्यूमोनियाचंही तसंच आहे, उलट त्याचा त्रास जास्त लांबतो. न्यूमोनियानं ॲडमिट झालेल्या वयस्कर माणसांना पुढच्या महिन्याभरात अटॅक-स्ट्रोकचा धोका साधारण चौपट असतो आणि नंतर कमी होत गेला तरी पुढची कित्येक वर्षं तो बाकीच्यांपेक्षा जास्तच राहतो, असं २०१५ च्या एका अभ्यासात आलंय. न्यूमोनियाची लस दरवर्षीची नसते, नवीन प्रकारच्या लसींचा काही जणांना एकच डोस पुरतो, कुठली आणि किती ते वय आणि आधी काय घेतलंय त्यावर ठरतं, डॉक्टर सांगतील. नागिणीची पण लस आहे, पन्नाशीनंतरची, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, आणि नागीण झाल्यावर पुढचे काही आठवडे स्ट्रोकचा धोका वाढतो हे मला तर अजिबातच माहीत नव्हतं, मला ती फक्त कातडीची दुखणी वाटायची. आरएसव्ही नावाच्या विषाणूची लसही २०२३ पासून आलीय, ती जास्त करून वयस्कर आणि हृदय-फुप्फुसं कमजोर असलेल्यांसाठी. ह्या सगळ्या प्रत्येकानं घ्याव्यात असं मी सांगत नाही, मी डॉक्टर नाही, पण निदान विचारलं तरी जावं.

मोठमोठ्या संस्थांनी सांगायचं ते सांगून ठेवलंय हो. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन्ही मोठ्या संस्थांनी २००६ मध्येच लिहिलंय की कोरोनरी आजार, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, असलेल्यांना फ्लूची लस द्या, आणि कोलेस्टेरॉल-बीपीच्या मागे लागता तितक्याच उत्साहानं याच्याही मागे लागा. २०२५ मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीनं तर बीपीची औषधं, कोलेस्टेरॉलची औषधं, डायबिटीसची औषधं या तिन्हींच्या रांगेत लसीकरणाला चौथा खांब म्हटलंय. खांब! आणि आमच्या फाईलमध्ये त्याची एक ओळ नाही.

आता भीतीचं. ह्यांना लस द्यायची ठरली तेव्हा आमच्याच दोन जवळच्या माणसांनी मला फोन करून सांगितलं, अगं नको, लसीनंच अटॅक येतात, बघत नाहीस का किती तरुण पोरं जातायत. मी त्यांना वेड्यात काढणार नाही, काळजीनंच फोन केला होता त्यांनी. आणि ही भीती हवेतून आलेली नाही. कोविडच्या एमआरएनए प्रकारच्या लसींनंतर काही जणांना, मुख्यतः तरुण मुलग्यांना, जास्त करून दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूला सूज आली हे खरं आहे, ते तपासून मान्यही केलं गेलंय. ते प्रमाण फार कमी होतं, बहुतेक मुलं बरी झाली, आणि कोविड झाल्यामुळे होणारा हृदयाचा त्रास त्याहून जास्त होता. पण एका प्रकारच्या लसीबद्दलची गोष्ट सगळ्या लसींना चिकटली. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस ह्या वेगळ्या, कित्येक दशकं वापरात असलेल्या गोष्टी आहेत.

आणि ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी, ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २००४ मध्ये एक अभ्यास आला होता. अटॅक आलेले वीस हजारांवर आणि स्ट्रोक झालेले एकोणीस हजारांवर लोक, सगळ्यांनी कधी ना कधी फ्लूची लस घेतलेली. लस घेतल्यानंतरच्या दिवसांत अटॅक वाढले का ते बघितलं, तर नाही वाढले, स्ट्रोकही नाही. न्यूमोनियाची, धनुर्वाताची लसही बघितली, त्यानंही नाही. आणि त्याच नोंदींमध्ये छातीचं इन्फेक्शन झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत अटॅकचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. म्हणजे ज्याला आपण घाबरतो त्यानं काही होत नाही आणि ज्याला आपण साधा व्हायरल म्हणून घरी बसतो त्यानं होतं.

संपादक साहेब, इथे तुमच्याकडे थेट मागणी आहे. "लस घेतल्यानंतर दोन दिवसांत हृदयविकारानं मृत्यू" अशी बातमी येते तेव्हा त्या माणसाचं वय काय होतं, आधी काय आजार होता, लस कुठली होती, तपासात पुढे काय निघालं, हे त्याच बातमीत असू द्या, आणि पुढे काही वेगळं निघालं तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. लाखो वयस्कर माणसं एका महिन्यात लस घेतात तेव्हा त्यातल्या काहींना त्याच आठवड्यात अटॅक येणारच असतो, लस नसती घेतली तरी आला असता. घरच्यांना ते त्या क्षणी कसं पटणार, त्यांचं माणूस गेलेलं असतं. पण पेपरनं तरी हिशेब लावायला हवा. ज्या आठवड्यात अशी बातमी येते त्या आठवड्यात आमच्यासारख्या कितीतरी घरांत लस पुढे ढकलली जाते.

आता मूळ मुद्दा, सांगत का नाहीत. मी आमच्या हृदयाच्या डॉक्टरांना नंतर हे विचारलं, भांडायला नाही, खरंच समजून घ्यायला. ते म्हणाले, हो, सांगायला हवं होतं, पण आम्ही धरून चालतो की फॅमिली डॉक्टर बघत असतील. फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, स्टेंट बसलेला, ब्लड थिनर चालू, मी म्हटलं त्यांच्या स्पेशालिस्टनं सांगितल्याशिवाय आपण कशाला हात लावा. दोघंही चांगले डॉक्टर आहेत, आजही आम्ही त्यांच्याकडेच जातो. दोघांच्या मध्ये एक रिकामी जागा होती आणि ह्यांची लस त्या जागेत पडून राहिली. माझ्या नातवाचं लसीकरणाचं कार्ड त्याच्या जन्मापासून आहे, त्याला पुढची लस कधी ते त्याची आई झोपेतही सांगेल, एक तारीख चुकली तर डॉक्टरांकडून फोन येतो. आजोबांचं कार्डच नाही. मोठ्या माणसाला लस असते ही कल्पनाच आपल्या डोक्यात नाही, माझ्याही नव्हती, मी आयसीयूबाहेर काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, हार्ट फेल्युअर यातलं काहीही होऊन माणूस घरी जाताना त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक छापील ओळ असावी: फ्लूची लस दिली/कधी द्यायची, न्यूमोनियाची लस दिली/कधी द्यायची, आणि कोण देणार. शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ते लिहिलं की ती रिकामी जागा राहत नाही. जमलं तर सोडायच्या आधीच द्या, त्या आठ देशांच्या प्रयोगात तसंच केलं होतं आणि चाललं. घरी गेल्यावर माणूस दहा गोष्टींत अडकतो, पण हॉस्पिटलात असताना तो प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत असतो. यासाठी नवीन मशीन लागत नाही की नवीन इमारत लागत नाही, फॉर्मवर एक ओळ लागते.

तोवर घरच्यांनी काय करायचं, तर विचारायचं. मी विचारलं नाही कारण मला विचारायचं माहीत नव्हतं, तुम्ही हे वाचलंय, तुम्ही विचारा. फ्लूची लस दरवर्षी लागते कारण विषाणू सारखा रूप बदलतो, जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, नवीन लसीत काय असावं ते सांगते, म्हणून गेल्या वर्षी घेतली होती हे यंदा कामाचं नाही. टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा साथ सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी, पण उशीर झाला म्हणून सोडू नका. हृदयरोग्यांनी टोचायचीच घ्यावी, नाकात मारायचा स्प्रे असतो त्यात कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो, तो त्यांच्यासाठी नाही. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो त्यामुळे तिच्यानं फ्लू होऊच शकत नाही, एखादा दिवस कणकण, दंड दुखणं एवढं होतं. अंगात सणकून ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबायचं, आणि आधी कुठल्या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल तर ते आधी सांगायचं.

ब्लड थिनर चालू असला तरी लस घेता येते, हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं. गोळी बंद करायची नसते, स्वतःच्या मनानं तर मुळीच नाही. वॉरफरिन नावाच्या ब्लड थिनरवर असाल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) ठीक आहे ना ते बघायचं. टोचणाऱ्याला आधी सांगायचं, ते बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. ह्यांना टोचलं तेव्हा नर्सबाईंनी घड्याळ लावून दोन मिनिटं दाबून धरलं, नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, दंडावर रुपयाएवढा निळा डाग आला तो चार दिवसांत गेला. एवढंच झालं.

आणि घरातल्या बाकीच्यांनीही घ्या. ह्यांना ताप नातवाकडून आला. त्याचा काय दोष, सहा वर्षांचा आहे तो, पण आजोबा हॉस्पिटलात का गेले हे त्यानं कुठूनतरी ऐकलं आणि मला येऊन विचारलं, माझ्यामुळे का गं आजी. मी नाही म्हटलं आणि विषय बदलला. आता आम्ही घरातले सगळे एकाच दिवशी घेतो, तोही घेतो, रडत नाही.

ह्यांचं पंपिंग औषधांनी आता ४० पर्यंत आलंय, जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. लस घेतली म्हणजे गोळ्या सोडल्या चालतील असा अर्थ कुणी काढू नका, गोळ्या आहेत तशाच चालू आहेत, माझी वहीही चालू आहे, फक्त तिच्यात एक रकाना वाढलाय.

तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी हृदयावर पान कराल तेव्हा एखाद्या कार्डिओलॉजिस्टना आणि एखाद्या फॅमिली डॉक्टरना एकत्र बसवून फक्त एवढं विचारा, की ही लस तुमच्यापैकी कोण देणार. त्यांचं जे उत्तर येईल ते छापा. मी वाट बघतेय.

आपली,
एक जुनी वाचक